स्टिअरिंगवरची मूठ

हडपसरला आमच्या गॅरेजात एक नियम होता: ज्यानं नट आवळला त्यानं बसायचं. ब्रेकचं किंवा स्टिअरिंगचं काम झालं की गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी कालव्याच्या रस्त्यावर एक चक्कर व्हायची, आणि काम ज्यानं केलं तो पुढे शेजारी बसायचा. चालवायला मालक स्वतः. गाडी भरधाव न्यायची, करकचून ब्रेक मारायचा आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं.

"डोळे मिटलेस. म्हंजे तुझाच तुझ्या कामावर इस्वास न्हाय. जा, खोल परत."

मी डोळे मिटणाऱ्यांतला. कितीतरी ब्रेक मी निव्वळ भीतीपोटी दुसऱ्यांदा खोलले. बहुतेक वेळा ते आधीच बरोबर असायचे.

मी वऱ्हाडातला. सातवीनंतर शाळा सोडली आणि गावच्या मुकादमाबरोबर पुण्यात आलो. तेव्हा शहरभर रस्त्यांच्या कडेनं केबलसाठी चर खोदणं चालू होतं. मुकादम म्हणायचा, खोदा रे, यातून अमेरिका बोलणार आहे. त्या चरातच मला ताप भरला. टोळी पुढे सरकली आणि मी एका गॅरेजच्या पत्र्याखाली बसून राहिलो. मालक बाहेर आले.

"कुठला?"

"वऱ्हाडातला जी."

"जी जी करू नको. जेवलास का?"

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भाकरी आणि गरम पिठलं आणून दिलं. त्यानंतर मी तिथून हललोच नाही. मालकांनी मला 'वऱ्हाड्या' केलं ते नाव विचारायच्या आधी, आणि नंतर विचारायची गरज पडली नाही. काम शिकलो, मोठा झालो, मिसरूड फुटलं. पण मनात एक धाकधूक राहिली ती राहिलीच, की एक दिवस कुणीतरी म्हणेल, बरा झालास ना, मग नीघ आता.

गॅरेज मालकांच्या वडिलोपार्जित शेताच्या कडेला होतं. शेत हळूहळू गेलं. एक तुकडा आयटी पार्कात गेला, एक सोसायटीत, आणि एक खुद्द रस्त्यात. रस्ता रुंद झाला तेव्हा चहाची टपरी पलीकडे राहिली आणि गॅरेज अलीकडे. मालक रोज सकाळी चहाला रस्ता ओलांडायचे. जिथं त्यांनी लहानपणी ज्वारी राखली त्याच जागेवर एका सकाळी त्यांना गाडीनं उडवलं. जीव वाचला. कमरेखालचं मात्र सगळं गेलं.

तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत, पत्र्याच्या शेडखाली. काम आम्ही करायचो, ते बघायचे. कालव्यावरची चक्करही दुसराच कुणी मारायचा. मालक खुर्चीतून ब्रेकचा आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे किंवा हलवायचे नाहीत.

पलीकडच्या आयटी पार्कातला एक इंजिनिअर आमचं नेहमीचं गिऱ्हाईक होता. तोच एका रॅलीची कल्पना घेऊन आला. त्याला आपली जुनी लहान गाडी उंच करून हवी होती.

"नवी गाडी चालत नाही, जीप चालत नाही," तो सांगत होता. "जुनी, लहान, स्वस्तातलीच पाहिजे. खडकवासल्याहून निघायचं, कच्च्या वाटांनी डोंगर ओलांडून कोकणात उतरायचं आणि परत यायचं."

"पयला येनाऱ्याला काय मिळतं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही. पहिला-दुसरा नाहीच त्यात. पोचायचं फक्त."

"पोचायचं फक्त," मालक म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी शेडच्या मागं, बाभळीखाली उभ्या असलेल्या त्यांच्या स्वतःच्या गाडीकडे बोट केलं. जमिनीचा पहिला तुकडा गेला तेव्हा घेतलेली, सगळ्यात लहान, सगळ्यात साधी. अपघातानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या बॉनेटवर मांजरी निजायच्या.

"ती काढ बाहेर."

"कशाले, मालक?"

"मला समदे नेत्यात, वऱ्हाड्या. दवाखान्यात नेत्यात, लग्नाला नेत्यात. उचलून ठिवत्यात, कुंडी ठिवल्यागत. मला एकदा कुटंतरी जायाचंय. मी सोता."

मग आम्ही ती गाडी करायला घेतली. स्प्रिंगांच्या खाली रबर घालून तिला वीतभर उंच केली. पोटाखाली दगड लागू नयेत म्हणून भंगारातल्या ट्रकच्या फाळक्याचा जाड पत्रा बसवला. ओढ्यात इंजिन पाणी पिऊ नये म्हणून हवेची वाट पीव्हीसी पाइपानं टपापर्यंत नेली. मागची सीट काढून तिथं दोन जादा चाकं आणि चाकाची खुर्ची बांधायची जागा केली. हे सगळं इंजिनिअरच्या गाडीलाही होतं. खरं काम पुढं होतं, कारण ही गाडी पायांशिवाय चालवायची होती.

स्कूटरची क्लच लिव्हर गिअरच्या दांड्यावर बसवली. दांडा धरता धरता बोटांनी लिव्हर दाबली की क्लच दबे. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक लोखंडी रॉड काढला. तो पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला की ॲक्सिलेटर. खालचे पेडल तसेच ठेवले, म्हणजे वेळ पडली तर मला चालवता यावं. मालकांना कमरेचा तोल नव्हता म्हणून सीटला छातीपाशी रुंद पट्टा लावला.

डाव्या हाताला अशी तीन कामं झाली. स्टिअरिंगला उरला एकटा उजवा हात. एका हातानं स्टिअरिंग पूर्ण फिरत नाही, मनगट अडतं.

मालकांनी टेबलाचा खण उघडायला लावला. चिंध्यांत गुंडाळलेली एक मूठ निघाली. काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची, आत लाल गुलाब. त्यांच्या शेवटच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवरची. ट्रॅक्टर विकला तेव्हा ती काढून घेतलेली. त्या भागातल्या प्रत्येक घरच्या ट्रॅक्टरवर अशी मूठ असायचीच. एक हात मुठीवर, एक मांडीवर आणि रुबाबात वळण घ्यायचं. मी ती गाडीच्या स्टिअरिंगवर घट्ट बसवली. पेट्रोलनं पुसली तेव्हा गुलाब ओला झाल्यासारखा दिसला.

इंजिनिअर आपली गाडी न्यायला आला तेव्हा त्याला ती दिसली.

"मालक, ही मूठ काढा. ऑफरोडला रिस्की आहे. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरतं. हात सापडला तर गेला."

"आमच्या तीन ट्रॅक्टरला व्हती."

"ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे हो."

"आनि मूठ काढून मी काय दातानं वळवू?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे बघत होतो. तो चुकीचं बोलत नव्हता आणि मालकही चुकीचं बोलत नव्हते. मुठीशिवाय ती गाडी मालकांना वळवताच आली नसती. आणि मला त्या वेळी भीती होती ती क्लचच्या तारेची. डोंगरात तार तुटली तर. मी पहिल्या तारेच्या कडेनं दुसरी, नवी तार आधीच ओढून टेपनं बांधून ठेवली. मग ब्रेकच्या रॉडची वेल्डिंग तापवून पुन्हा केली. मग छातीच्या पट्ट्याची शिलाई चांभाराकडून दुहेरी करून आणली. मूठ तेवढी तशीच राहिली. आतला गुलाब बघून कुणाला भीती वाटली नसती.

वहिनी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मालकांपुढं जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "रस्ता वलांडता आला न्हाई. आता डोंगर वलांडा."

मालक हसले. त्या हसल्या नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू संगं हायेस म्हनून गप ऱ्हाते मी." उपकाराखाली दबलेल्या माणसाला याहून जड काही सांगता येत नाही.

कालव्याच्या रस्त्यावर चक्कर झाली. नियमानं मी शेजारी. इतक्या वर्षांनी मालकांच्या हातात गाडी होती. गाडी भरधाव सुटली, त्यांनी रॉड ढकलला, गाडी जागच्या जागी थांबली. मी डोळे उघडे ठेवले होते.

"शिकलास," ते म्हणाले.

खडकवासल्याला गाड्यांची तपासणी होती. आयोजकांतले एक पेन्शनीला टेकलेले गृहस्थ वाकून आत बघत राहिले.

"ह्यात पेडलही आहेत की. शोभेला ठेवलेत का?"

"त्याच्यासाठी हायेत," मालक माझ्याकडे मान करून म्हणाले. "घाबरट हाय. पाय हलवत बसतो."

"बरं आहे. म्हणजे आपल्या गाडीला दोन ड्रायव्हर झाले, आणि मिळून एकाचेच पाय. जा, सांभाळून जा."

पहिली सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. धरणाचं पाणी मागं राहिलं, डांबर संपलं आणि लाल मातीची वाट लागली. मालक एका हातानं मूठ फिरवत होते, दुसऱ्यानं रॉड, लिव्हर, गिअर, पुन्हा रॉड, तबल्यावर बोटं चालावीत तसं. चढ आला की गाडीशी बोलायचे. "चल बये. आता बसली तर लोक हसतील." इंजिनिअरची गाडी एका ओढ्यात अडकली होती. आम्ही दोरानं ती बाहेर काढली आणि मालकांनी काच खाली करून त्याला विचारलं, "मूठ पायजे का?" दुपारी एका माळावर थांबलो तेव्हा त्यांनी मला खुर्ची काढू दिली नाही. गाडीतच बसून भाकरी खाल्ली. समोर सगळा उतार होता आणि खाली खोल कुठंतरी कोकण.

"इथवर मी आलो," ते म्हणाले. इतकंच.

उतार सुरू झाला तो गवतातला. वाट अशी नव्हतीच, पुढच्या गाड्यांनी दाबलेलं गवत होतं. मी खाली उतरून पुढं चालत दगड बघू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "बस. ज्यानं नट आवळला..." गाडी पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू होती. गवताखालचा दगड दोघांनाही दिसला नाही. पुढचं चाक त्यावर चढून घसरलं, स्टिअरिंग गरकन उलटं फिरलं आणि मूठ त्यांचा हात घेऊन गेली.

ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मालकांनी डाव्या हातानं रॉड ढकलला, गाडी थांबवली, मग म्हणाले, "न्यूट्रल कर." आवाज नेहमीचाच होता. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि मग बघवलं नाही. मुठीला काही झालं नव्हतं. गुलाब तसाच होता.

मी त्यांना उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं. पट्टा बांधला. पेडलवर पाय ठेवून, आलो त्याच वाटेनं गाडी परत वर काढली. वाटेत ते एकदाच बोलले. "तार तुटली न्हाय बघ तुजी."

ज्याला पाय आहेत त्याचं मनगट मोडलं तर हात गळ्यात बांधून तो कामाला जातो. मालकांचे हातच पाय होते. पलंगावरून खुर्चीत जायचं तर ते दोन हातांवर अंग तोलून जायचे, खुर्ची हातांनी ढकलायचे, संडासात कठडा धरून बसायचे. प्लास्टर घातलं त्या दिवसापासून यातलं काहीच उरलं नाही. सगळं मी करायचो. सकाळी त्यांना उचलायचो, बसवायचो, धुवायचो. सुरुवातीला ते काहीतरी टोमणा मारायचे. नंतर उचलताना डोळे मिटून घ्यायला लागले.

वहिनी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या त्यांनी पलंगाच्या डाव्या अंगाला सरकवला आणि माझ्यापुढं रोजच्यासारखं ताट ठेवलं. त्या म्हणाल्या असत्या की नीघ आता, तर मी निघालो असतो. त्या म्हणाल्या, "भाकरी अजून घे."

नियमाचा अर्थ मला त्या दिवसांत उलगडला. काम चुकलं तर करणाराही त्याच गाडीत असावा, एवढाच तो. मी होतोच की गाडीत. शेजारीच होतो, आणि मला साधं खरचटलंही नाही. असं झालं तर काय करायचं, हे मालकांनी कधी सांगितलं नव्हतं.

मनगट जुळलं ते वाकडं. बोटं मिटतात, पण त्यांत जोर नाही. पुढं मालकांच्या भावाभावांत ठरून गॅरेजची जागाही बिल्डरला गेली. मी हिंजवडीला दुसऱ्याच्या गॅरेजात लागलो, तिथं गाड्या कॉम्प्युटर लावून तपासतात आणि शेजारी कुणी बसत नाही. गाडी तेवढी मालकांनी दिली नाही. तिच्यातलं काही काढूही दिलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी हडपसरला जातो. वहिनी दार उघडतात, मी मालकांना उचलून गाडीत ठेवतो, डाव्या सीटवर, आणि खडकवासल्यापर्यंत नेऊन आणतो. नेऊन आणतो हाच शब्द, दुसरा नाही त्याला. कंपन्यांच्या बसेस शेजारून जातात. मूठ माझ्या उजव्या हाताखाली असते. मी ती धरत नाही.

पण गिअर बदलायची वेळ झाली की त्यांना इंजिनाच्या आवाजावरून माझ्याआधी कळतं. त्यांचा वाकडा उजवा हात सावकाश उठतो, गिअरच्या दांड्यावर येतो, आणि बोटं स्कूटरच्या त्या लिव्हरवर मिटतात. लिव्हर हलत नाही. मी बोटं पूर्ण मिटेपर्यंत थांबतो. मागचे लोक हॉर्न मारतात. मग मी पायानं क्लच दाबतो आणि त्यांच्या हातावर हात ठेवून गिअर टाकतो.