तांब्यावरचा नंबर

घरातल्या एखाद्या माणसाचा इतिहास शोधायला निघालात, तर माणूस सापडो न सापडो, किस्से मात्र पिशवीभर जमतात! माझे जमले ते एका काळजीपायी. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. कारण आमची मनू, इयत्ता तिसरी, वर्गात सांगून आली होती, "माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते!"

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झालेली. बाईंनी लगेच पंधरा ऑगस्टच्या भाषणात तिचं नाव घातलं. वर मला गेटपाशी गाठून हौसेने म्हणाल्या, "प्रमुख पाहुणे रिटायर्ड सुभेदार आहेत हं. फौजी माणसाचं नाव निघालं, की ते आधी त्याचा फौजेतला नंबर विचारतात!"

आता मनूला हे सांगितलं कोणी? मी. मला कोणी सांगितलं? लग्न ठरताना सासूबाईंनी. पुरावा शून्य! बीएस्सी झालेली बाई मी, आणि ऐकीव गोष्ट पोरीला पाढ्यासारखी पढवली. अख्ख्या शाळेसमोर ती खोटी पडली तर?

*

पहिली चौकशी सासऱ्यांकडे. ज्यांना शोधायचं ते 'भाऊ' म्हणजे त्यांचे सख्खे वडील, केव्हाच वारलेले.

"बाबा, भाऊ युद्धात नेमकं काय करायचे?"

"लढायचे."

"कुठे?"

"परदेशात."

"कोणाशी?"

बाबांनी पेपर खाली घेतला. "शत्रूशी! आणखी कोणाशी लढतात?"

*

मग रविवारी एसटीने आपट्याला, आत्याबाईंकडे. ह्या बाबांच्या थोरल्या बहीण. भाऊंची मेडलं त्यांच्याच डब्यात. सुहास, म्हणजे माझा नवरा, वाटेत म्हणाला होता, "मेडलच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. झालं काम!"

डबा उघडला आणि मेडलं अशी झळकली, की आता लग्नात घालावीत! कड हातावर फिरवून पाहिली. गुळगुळीत. मागची बाजू गुळगुळीत. पुढच्या राजाचंही नाक गेलेलं.

"खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पूजेत ठेवते ना," आत्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून चांगली खसाखसा घासते. पन्नास वर्षांत एक वर्ष चुकवलं नाही!"

सुहास खिडकीतून पाताळगंगा नदी बघत बसला.

*

निघताना पाणी प्यायला त्यांनी पितळी तांब्या पुढे केला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, 'अमुककडून सप्रेम भेट' वगैरे. ह्यावर नुसता आकडा होता: ३७१८!

"हे काय?"

"भाऊंनीच घातलं. लढाईवरून आले, तांब्या घेतला आणि हे कोरून आणलं. आई म्हणायची, माझं नाव नाही, मुलांचं नाही, हे काय आकडे!"

फौजी माणूस! नाव विसरेल, पण नंबर विसरेल का? मी आत्याबाईंना मिठीच मारली. पाणी त्यांच्या पदरावर सांडलं ते वेगळं.

दुसऱ्याच दिवशी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पत्र टाकलं.

*

जुलै संपता संपता उत्तर आलं. सुहासने वाचलं. इंग्रजी पत्राचं सार एवढंच, की ह्या क्रमांकाचा कोणीही इसम आमच्या दप्तरी नाही.

"म्हणजे भाऊ गेलेच नव्हते की काय?" मी पत्र हिसकावून घेतलं.

सुहास शांतपणे म्हणाला, "मग मेडलं काय जत्रेत मिळाली?"

मी पीसीओवरून आपट्याला शेजाऱ्यांकडे फोन लावून आत्याबाईंना बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, मग गव्हाणच्या हिरूला विचार. दोघं एकाच दिवशी भरती झाले. एकाच कंपनीत होते. अजून खणखणीत आहे."

"आत्याबाई! हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू मेडलं दाखवा म्हणालीस. मी मेडलं दाखवली!"

*

गव्हाणला स्कूटरवरून गेलो, मनू मध्ये. हिरूबाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. ऐंशीच्या पुढचे, पण सुई न चुकता चाललेली. मी पिशवीतून तांब्या काढला. मुद्दाम मागून आणला होता. त्यांनी आकड्यांवर बोट फिरवलं आणि जे हसायला लागले, ते खोकला लागेपर्यंत!

"ह्यो त्याचा नंबर नाय गो पोरी! ह्यो चंपाचा हाय!"

"कोण चंपा?"

"त्याची खेचर!"

मग सगळं बाहेर पडलं. दोघं खेचरांच्या कंपनीत होते. इटलीतल्या डोंगरांवर गाडी चढत नसे, तिथे दारूगोळा आणि पाव खेचरांच्या पाठीवरून जायचा. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर.

"बरफात वाट दिसं नाय. भाऊ चंपाची शेपटी धरून चालं. एकदा ती मधीच थांबली. मारली, वढली, हलं नाय. बगतो तं म्होरं कडा तुटलेला! आमी पाच जण होतो मागं." सुई थांबली. "घरी येताना बोटीवर खेचरांना घेतली नाय. भाऊ दोन दिस जेवला नाय."

परत येताना स्कूटरवर मनूने तांब्या पोटाशी धरला होता.

*

पण काळजी करणं माझ्या रक्तातच! भाऊंचा नंबर तो नव्हताच. मी मनूला दहादा बजावलं, "सुभेदारांनी विचारलंच, तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि खाली उतरायचं. बाकी काही बोलायचं नाही!"

भाषण झकास झालं. टाळ्या थांबायच्या आत सुभेदार उठले. ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र. माईकवर विचारलं, "शाब्बास बेटा! पणजोबांचा नंबर काय होता?"

मी पाचव्या रांगेत सुहासचं मनगट आवळलं.

"माहीत नाही," मनू म्हणाली.

मी मनगट सोडलं. पण ती काही खाली उतरेना. तिने माईक आणखी जवळ ओढला.

"पण चंपाचा पाठ आहे. सांगू?"