लांबी मोजली, गाठी मोजल्या नाहीत

ती दोरी अजून माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. दोन हात लांब, झाडाच्या सालीची, करंगळीएवढीही जाड नाही. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, भिंत चढून पळालेले दोघे परत आणले. पण कोणी म्हटलं, साहेब एखादी केस सांगा, की तोंडी आधी ही दोरीच येते. सांगूनच टाकतो.

आधी एक स्पष्ट करतो. मी पोलिसातला नव्हे, जेलातला. खाकी दिसली की लोक पोलीसच म्हणत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. पण फरक आहे. पोलिसाचा आरोपीशी संबंध चार दिवसांचा, आमचा वर्षानुवर्षांचा. तो माणूस काय खातो, कसा झोपतो, कोणाशी बोलायचं टाळतो, सगळं आम्हाला ठाऊक असतं. निदान असावं अशी अपेक्षा असते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात नुकताच गेला होता. छापील फॉर्मवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून आम्ही हातानं नवं लिहायचो. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, पार सिरोंच्यापर्यंत सगळा चांदाच, म्हणजे आताचा चंद्रपूर. जेल कोणतं ते लिहीत नाही, माणसांची नावंही नाही. मी तेवीस वर्षांचा, असिस्टंट जेलर, नेमणुकीला तीन महिने झालेले. उत्साह असा की सकाळच्या गिनतीत एखादा माणूस कमी भरला तर मला मनातून बरंच वाटायचं, काहीतरी घडलं म्हणून. तो संडासाच्या रांगेत सापडला की मी हिरमुसायचो.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका सकाळी बराक उघडल्यावर आमचा नंबरदार माझ्या मागंमागं ऑफिसात आला. नंबरदार म्हणजे कैदीच, पण चांगल्या वागणुकीमुळं बाकीच्यांवर नजर ठेवायला नेमलेला. हा मूल गावाकडचा, धानाच्या बांधावरून मारामारी करून आलेला, जिभेनं तिखट.

"साहेब, थो माडिया पळाच्या बेतात हाये," तो म्हणाला. "रोज सकाळी दोरी काहाडते, काई तरी करते, मंग लपवते. मी इचारलो त मले पाहून नुसता हासते. हासनारा कैदी कधी पाह्यला का तुम्ही?"

हा माडिया गोंड एटापल्लीच्या पलीकडच्या रानातल्या गावचा. भांडणात गावातल्याच एकाला कुऱ्हाड मारली, तो वाचला, हा स्वतः तीन दिवस चालत ठाण्यात गेला आणि सांगून बसला. तीन वर्षांची शिक्षा. मराठी जेमतेम दहा-वीस शब्द. दिलेलं काम मुकाट करायचा, त्यामुळं आमचं कोणाचंच त्याच्याकडं लक्ष नव्हतं. आठ-दहा दिवसांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ मुलाखतीला येऊन गेला होता, एवढंच रजिस्टरात होतं.

माझं डोकं धावायला लागलं. भाऊ येतो, दोरी देतो, दोरीला गाठी, म्हणजे ठरलेली खूण. बाहेर माणसं थांबलेली असणार. मी दोन वॉर्डर घेऊन झडती घेतली. घोंगडीच्या घडीत दोरी सापडली. जेलात वीतभर सुतळीसुद्धा गुन्हा, ही तर दोन हात.

ऑफिसात त्याला उभं केलं. दोरी कुठून आली, गाठी कशाच्या, बाहेर कोण आहे, सगळं विचारलं. तो दोरीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. मग मला वाटलं, गाठींच्या आत काही असेल. ब्लेडचा तुकडा, कागद. मी दाभण मागवलं आणि एकेक गाठ सोडायला लागलो. साल वाळलेली, गाठी घट्ट. पहिलीत काही नाही. दुसरीत काही नाही. तिसऱ्या गाठीला तो पुढं आला, हात पसरून, आणि वॉर्डरनं त्याला मागं ढकललं. मी म्हटलं, सापडला. सगळ्या गाठी सोडल्या. आत काही नव्हतं. तो भिंतीशी बसला आणि गुडघ्यात तोंड घातलं.

मी रजिस्टरात लिहिलं, दोरी एक, सालीची, लांबी दोन हात, गाठी असलेली, जप्त. त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे कैद्याची सगळी नोंद असते त्या कागदावर, जेलरसाहेबांनी पंधरा दिवसांची माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी सूट, कापल्याचं लिहिलं. मला शाबासकी मिळाली. तो दिवस माझा फार छान गेला, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जेवण बंद केलं.

सकाळी सूर्य भिंतीच्या वर आला की हौदावर जायचा, ओंजळीतून पाणी सोडायचा, आणि मग दिवसभर दाणा नाही. नुसतं पाणी. अन्न नाकारणं हा आमच्याकडं गुन्हा. दोन दिवस झाले, तीन झाले. भटारखान्यात एक म्हातारा कैदी होता, सिरोंच्याकडचा, तेलुगू, माडिया आणि मराठी तिन्ही बोलणारा. हे आधीच सुचायला हवं होतं, पण तीन महिन्यांच्या साहेबाला स्वयंपाक्याला विचारायचं कसं सुचणार? चौथ्या दिवशी मी म्हाताऱ्याला घेऊन त्याच्यापुढं बसलो. दोघं बराच वेळ बोलले. मग म्हातारा माझ्याकडं वळला. आवाज अगदी खाली.

"साहेब, ह्याच्या बापाच्या नावाचा दगड उभा होनार हाये गावात, मेलेल्याच्या आठवनीचा. बाप मेला दोन साल झाले. दिवस ठरला की समद्या घरी गाठीची दोरी जाते. रोज सकाळी एक गाठ सोडाची. शेवटची सुटली का दगड. हा मोठा पोरगा. तिथी नाई जाता येत त इथीच त्या दिवशी उपाशी राहून बापाले पानी सोडनार होता. आता तुम्हीच दिवस सोडून टाकले."

मी विचारलं, मग किती गाठी उरल्या होत्या ते याला ठाऊक असेलच.

म्हाताऱ्यानं विचारून सांगितलं, "नाई. तो म्हनते, मोजाचं काम दोरीचं होतं."

म्हणून रोज उपाशी. कोणता तरी एक दिवस तो असणारच, चुकायला नको. मी ऑफिसात धावत गेलो, रजिस्टर काढलं. लांबी दोन हात. गाठींचा आकडा नाही. दाभणानं मी स्वतः सोडल्या होत्या, आणि सात होत्या की आठ की दहा, मला आठवेना. नंबरदाराला विचारलं. तो म्हणाला, "मले का मालूम, साहेब? मी पळाच्या दोरीच्या गाठी मोजू का?"

मी त्याच दिवशी एटापल्लीकडच्या ठाण्याला पत्र टाकलं. जेलरसाहेब हसले. पत्र ठाण्यापर्यंत पोचायला आठवडा, तिथून शिपाई पायी गावात जाणार कधी, आणि उत्तर येणार कधी. ते वाईट नव्हते, पण नियमाचे होते. म्हणाले, कारण काहीही असो, कागदावर हा अन्नत्यागच आहे. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत जेवला नाही तर कोठडीत टाकू आणि डॉक्टर नाकातून नळी घालतील. "एका दोरीवरून किती दिवस नाचणार आहात?" असं वर.

नळी घालताना मी एकदा पाहिलं होतं. चार माणसं धरतात. धडधाकट माणूससुद्धा त्यात दगावू शकतो, आणि हा पाच दिवसांचा उपाशी, उठताना भिंत धरायचा.

सहाव्या दिवशी सकाळी त्यानं पाणी सोडलं. मी हौदापाशीच उभा होतो. म्हाताऱ्याला बोलावलं आणि म्हटलं, याला सांग, ठाण्यातून निरोप आला. दगड परवाच उभा झाला. आता जेव.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. हे खोटं आहे हे त्याला कळलं होतं. मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं.

माडियानं हे खरं का म्हणून विचारलं नाही. निरोप कोणी आणला, कसा आला, काही नाही. एकच विचारलं, म्हाताऱ्यामार्फत, परवा मी उपाशी होतो ना? मी म्हटलं, होतास. पाणीही सोडलंस. तो हसला. नंबरदार म्हणाला होता ते हसणं बहुधा हेच. मग त्यानं थाळी पुढं केली आणि भात खाल्ला, सावकाश, सगळा. मी खुशीत नोंद केली, कैद्याने आज जेवण घेतले. खाली सही.

मला वाटलं मी माणूस वाचवला. खोटं बोललो, पण कोणाचं काय बिघडलं.

पुढच्या आठवड्यात भाऊ आला. मुलाखतीच्या जाळीपाशी मी मुद्दाम थांबलो, म्हाताऱ्यालाही उभं केलं. भावानं कमरेची दोरी काढली. त्याला वाटलं होतं, जेलातल्या भावाला दिवस नीट कळावेत, म्हणून दगड उभा केल्यापासून चालताना, ट्रकमध्ये, कुठंही, रोज सकाळी त्यानं एक गाठ मारली होती. या वेळी मी हात लावला नाही. जाळीतून मोजल्या. नऊ.

माडिया एकेका गाठीकडं बोट करत दिवस मागं मोजत होता; मी रजिस्टराची पानं मागं उलटली. नऊ दिवसांपूर्वी माझीच सही होती. कैद्याने आज जेवण घेतले.

भाऊ विचारत होता, त्या दिवशी तू उपाशी राहिलास ना, हेच असणार. म्हातारा मला भाषांतर करून सांगायचं थांबला होता, पण तशी गरजही नव्हती. मोठा इकडं उपाशी आहे असं म्हणूनच गावानं दगडाला हात लावला होता, हे म्हाताऱ्यानं मला नंतर सांगितलं. माडियानं भावाला खोटं सांगितलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. आधी तो आपल्या भाषेत भावाशी बोलला. मग माझ्याकडं वळून, मला कळावं म्हणून, आपल्या दहा-वीस शब्दांत बोलला.

"त्या दिवशी मी भात खाल्लो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. भाऊ मुलाखतीची वेळ संपायच्या आधीच निघून गेला. जाताना मागं वळला नाही. त्यानंतर तो आला नाही.

मी जेलरसाहेबांना सगळं लेखी दिलं, खोटं बोललो त्यासकट. त्यांनी तो कागद वाचून मलाच परत दिला. कापलेली माफी परत मिळावी म्हणून मी तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा मिळाली. पंधरा दिवस. ते त्याला सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

पुढं आमच्या कामाला सुधार, सुधारसेवा असले शब्द लागले, भाषणं झाली. मी ती मागच्या बाकावर बसून ऐकली. तपासाचं म्हणाल तर एक शिकलो, समोर जे असेल ते आधी मोजायचं, मग उघडायचं. ते मी हाताखालच्या सगळ्यांना शिकवलं. दुसरं शिकलो ते असं शिकवता येत नाही. भीतीनं किंवा दयेनं, कशानंही असो, ज्याच्याकडं आपण दिलेल्या शब्दाशिवाय धरायला दुसरं काही नाही त्याच्याशी खोटं बोलू नये.

त्याच्या सुटकेच्या सकाळी मी फाटकाच्या खोलीत होतो. त्याचे कपडे परत दिले, अंगठा घेतला आणि हळू, साध्या मराठीत सांगितलं, तुझी शिक्षा संपली, आता तू जाऊ शकतोस. तोवर त्याला बरीच मराठी येऊ लागली होती. त्यानं ऐकून घेतलं, पण जागचा हलला नाही. शेजारी नवा वॉर्डर उभा होता, चार दिवसांपूर्वी आलेला, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माडिया त्याच्याकडं वळला.

"हे साहेब म्हनून राह्यले, ते खरं हाये का?"

वॉर्डर हसला, म्हणाला, खरं आहे बाबा, जा. मग तो गेला. तीन वर्षांत आमच्या जेलात तो हे एक शिकला, आणि ते शिकवणारा मी.