अर्विंग ते शिकागो, एका रोमन खांबासाठी

अमेरिकेत रोमन अवशेष बघायला चाललोय म्हटल्यावर आई हसली, बाबा हसले नाहीत. कॉलेज मध्येच सोडलेला मुलगा टेक्सासातल्या अर्विंगमधल्या काकांच्या किराणा दुकानातून सुट्टी घेऊन हजारेक मैल गाडी हाकणार, तेही एका खांबासाठी, यात हसण्यासारखं काय आहे असं त्यांचं म्हणणं. पण खांब खरा आहे. शिकागोत तळ्याकाठी उघड्यावर उभा आहे. रोमजवळच्या ऑस्तिया या प्राचीन बंदरातला, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. गेल्या शतकात इटलीच्या हुकूमशहाने तो शिकागोला भेट म्हणून पाठवला. बघायला तिकीट नाही, रांग नाही. तुम्हीही जाऊ शकता, म्हणून हे लिहितोय.

बाबांना न सांगितलेला भाग म्हणजे मित्रा.

मित्रा, म्हणजे संघमित्रा, मूळ आमच्यासारखीच नागपूरची, आता शिकागोजवळ शॉमबर्गला राहते. रोमन जागा ओळखणाऱ्या हौशी लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर आम्ही भेटलो. तिथला खेळ सोपा आहे. एकाने भिंतीचा, फरशीचा, खांबाचा फोटो टाकून ‘ओळख’ म्हणायचं, बाकीच्यांनी जागा सांगायची. मित्राने त्याला एक नियम लावला: तीन खुणा सांगितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. विटांची ठेवण, दगडाची जात, चुन्याचा रंग, काहीही चालेल, पण तीन हव्यात. मी आधी नाव घेऊन मोकळा व्हायचो आणि खुणा मागून शोधायचो. निम्म्या वेळा बरोबर यायचं, त्यामुळे सवय काही सुटली नाही.

एप्रिलमध्ये तिला ऑस्तियालाच वर्षभराचं उत्खननाचं काम मिळालं. तिने आनंदाने सांगितलं आणि माझं डोकं सटकलं. आपलं संपलं म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवडे अबोला. मग तिचाच मेसेज: ‘मी जायच्या आधी खांब बघायला येणार होतास ना? शनिवारी ये.’ मी गुरुवारीच निघालो. जाऊ नको म्हणायचं आणि आपल्या दोघांत जे काही आहे त्याचं नाव तिच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढं ठरवून.

सामान फार नव्हतं. आईने दिलेले मेथीचे पराठे, जवसाची चटणी आणि दुकानात कोथिंबिरीवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. बाटलीचं कारण सांगतो. जुना दगड धुळीने आणि उन्हाने एकसारखा राखाडी दिसतो. पाणी मारलं की त्याचा खरा रंग वर येतो. हौशी माणसाने पिशवीत दुसरं काही ठेवलं नाही तरी चालेल, ही बाटली ठेवावी.

रस्ता असा: प्लेनोवरून उत्तरेला, ओक्लाहोमा पार करायचं, मग मिसुरी आडवं कापत सेंट लुईस आणि तिथून वर शिकागो. ओक्लाहोमात टोल लागतो, पण नाक्यावर कुणी नसतं. आपला टेक्सासचा टोलचा टॅग तिथे चालतो, तो काचेवर असू द्या, नाहीतर बिल घरी येतं आणि बाबांच्या हातात पडतं.

मिसुरीत शिरल्या शिरल्या कार्थेज नावाचं गाव आहे. रोमनांनी ज्या शहराची राखरांगोळी केली त्याच नावाच्या गावात मी निवांत पेट्रोल भरतोय, हे मला भारी वाटलं. गावच्या चौकात कोर्टाची दगडी इमारत आहे, बुरूज आणि गोल कमानींची. बघताच ओरडलो, रोमन कमान! बाकावर एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की दगड इथल्याच खाणीतला आहे आणि रोमचं इथे कुणी आलेलं त्यांच्या तरी ऐकिवात नाही. मी म्हटलं, पद्धत रोमन आहे. ते म्हणाले, पद्धत तर कुत्रा पाळायचीही रोमनच असेल. मित्राला फोटो पाठवावासा वाटला, पण अबोला मोडल्याचं श्रेय तिच्याकडेच राहू द्यायचं होतं. रात्री हायवेलगतच्या एका मोटेलमध्ये झोपलो. स्वस्त होतं, आणि का स्वस्त होतं ते आंघोळीच्या वेळी कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी शॉमबर्गला पोचलो. दारात मित्राचे बाबा. जयभीम झाला, पाणी झालं आणि त्यांनी लगेच कॉलेजचं विचारलं. सोडलं म्हटलं. पुढे काय म्हणाले. उद्या खांब बघणार म्हटलं. काकू आतून म्हणाल्या, “अहो, त्याला आधी जेवू तर द्या.” पाटवडी रस्सा होता. इतका झणझणीत रस्सा मी टेक्सासात खाल्लेला नाही.

जेवताना मित्राचे बाबा खुलले. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत, परदेशी व्यापारी आपल्या विहाराला खांब दान करायचे, ते रोमनच असणार. मित्रा भात कालवता कालवता म्हणाली, “यवन म्हणजे रोमनच कशावरून? बाबा, तीन खुणा सांगा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुलाही असंच करते का रे?” मी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांनी कॉलेजचा विषय काढला नाही.

शनिवारी आम्ही ट्रेनने शहरात गेलो. तुम्हीही तसंच करा. खांब स्टेडियमच्या समोर आहे आणि सामना असला की पार्किंगला हात लावायची सोय नसते. स्टेशनवरून तळ्याकडे चालत या. सायकलवाटेच्या कडेला, झाडांमध्ये तो एकटा उभा दिसतो. लोक शेजारून धावत जातात, मान वर करत नाहीत.

मी सरळ गुडघ्यावर बसलो. खालच्या चौथऱ्यावर पाणी मारलं आणि सुरू झालो. अक्षरं पार गेलीत, कोपरे गोल झालेत, नक्षी हाताला लागतेय पण डोळ्याला दिसत नाही. दोन हजार वर्षं यार, दोन हजार वर्षं काय असतात ते हात लावून बघ. मित्राने मला पूर्ण बोलू दिलं.

“कुणालजी,” ती म्हणाली. रागावली की ती मला जी लावते. “चौथरा गेल्या शतकातला आहे. खांबासाठी नवा केलेला.”

मऊ, भोकाभोकांचा दगड. इथल्या बर्फाने काही हिवाळ्यांत त्याची अशी दशा केली. तिने माझ्या हातून बाटली घेतली आणि वर खांबावर फवारा मारला. राखाडी रंग गेला आणि आतले फिकट-गडद तुकडे उजळले, चिक्कीत दाणे दिसावेत तसे. कुठे चीर नाही. खरा म्हातारा तो होता आणि माझ्यापेक्षा ठणठणीत होता.

“झिजलेलं दिसलं की तू जुनं म्हणतोस,” ती म्हणाली, “आणि मी लांब जाणार म्हटलं की संपलं म्हणतोस.”

माझं डोकं तापलं. मी तळ्यापर्यंत तरातरा चालत गेलो, पाण्यात दोन दगड भिरकावले आणि परत आलो. ती तिथेच होती, चौथऱ्यावरची उरलेली अक्षरं लावत. मग मी माझ्या तीन खुणा सांगितल्या. तू माझा वाढदिवस विसरत नाहीस. ‘जी’ फक्त मलाच लावतेस. आणि अबोला तू मोडलास.

तिने तपासल्या. “वाढदिवस फोन सांगतो, ती बाद. बाकी दोन चालतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे एक कमी आहे. जाऊ नको म्हणायला आलास ना? म्हण.”

शेजारी तो खांब उभा, अजून ओला. मी बाटली तिच्याच हातात राहू दिली. म्हटलं, तिकडे ऊन फार असेल, दगड सुकलेले असतील, तुला लागेल.

परतीचा रस्ता तोच होता, पण लांब वाटला. कार्थेजला पुन्हा थांबलो. ते गृहस्थ नव्हते. कमानी मात्र मी या वेळी नीट, गप्प बसून बघितल्या.

आता दुकानात नवी बाटली आहे. तिचा फवारा एका बाजूलाच उडतो आणि काका कोथिंबिरीवरून रोज माझं डोकं खातात. बाबांनी एकदा आपणहून विचारलं, खांब कसा होता. मी सांगत बसलो आणि त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

परवा कढीपत्त्याच्या जुड्या बांधत होतो तेव्हा फोन वाजला. मित्राने पाठवलेला फोटो, खाली एकच शब्द: ‘ओळख’. गवतात ओळीने खांबांचे बुंधे, पलीकडे लख्ख ऊन. आपला खांब ज्या ओळीतून उचलला ती हीच असेल, असं लिहायला अंगठा शिवशिवला. लिहिलं नाही. फोटो मोठा केला. सगळे बुंधे राखाडी, धुळकट. पुढचा एकच वेगळा, त्यात फिकट-गडद तुकडे उजळलेले.

मी नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं: तिसरी खूण, दगड ओला आहे.