एकेक बटण बंद करताना

ओल्या वाळ्याचा वास आला की अजूनही जळगावची वैशाखातली दुपार माझ्या अंगावर उतरते. उन्हाने पांढरं पडलेलं मेहरूणचं आकाश, मिटलेल्या खिडक्यांच्या फटींतून आत घुसणारी उजेडाची पाती, आणि खाटेवर, उजवं अंग लुळं होऊन पडलेली माझी आई.

आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, आणि तिथवर पोचता पोचता वीज जणू दमून जाई. दोन मोठी उपकरणं एका वेळी चालत नसत. आईने या टंचाईलाही एक लय दिली होती: पहाटे पाण्याची मोटर, ती थांबली की मिक्सर, मग वडिलांच्या कपड्यांची इस्त्री, दुपारी फ्रिजचा आवाज जड झाला की भाकरी थापता थापता उठून ती डोक्यावरचा पंखा बंद करी आणि घामाघूम होऊन पुन्हा परातीशी बसे.

तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती लय मोडली. उकाडा सोसवणार नाही, तेवढा सांभाळा, बाकी हातात फारसं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. ते डाळमिलमध्ये फिटर. यंत्र आपलं ऐकतं हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. त्यांनी कूलर आणला. पण विजेचा दाब इतका कमी, की पातं कसंबसं फिरे, पाणी बाजूच्या वाळ्याच्या ताट्यांपर्यंत चढतच नसे आणि आईच्या तोंडावर झळाच येत.

मग भाऊंनी एकेक वस्तू बंद करायला सुरुवात केली. आधी फ्रिज, दूध दुपारपर्यंत नासू लागलं. मग टीव्ही, मग ट्यूबलाइट, माझं बी.एस्सी.चं वाचन उंबऱ्यातल्या उजेडात सरकलं. शेजारच्या तीन घरी जाऊन त्यांनी दुपारी मोटर लावू नका म्हणून हात जोडले, आणि त्या भल्या माणसांनी काही दिवस ते पाळलंही. तरी कूलरची पाती डोळ्यांनी मोजता यावीत इतकी संथच.

एका दुपारी त्यांनी देव्हाऱ्यातला झिरोचा दिवासुद्धा मालवला. आई बघत होती. ती धुळ्याकडची, दुखण्यात तिची शहरात कमावलेली भाषा गळून पडली होती आणि माहेरची अहिराणी तेवढी उरली होती. जड जिभेने ती म्हणाली, “कूलर बंद करा. माले आते ना ऊन लागस, ना गारवा.”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. कूलरमध्ये आणखी एक बादली ओत, एवढंच मला सांगितलं. मी ओतली. तिचं म्हणणं आम्हा दोघांनाही कळलं होतं.

मृग लागण्याआधीच ती गेली. पुढे महिन्याभरात चौकात नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि दिवे असे लख्ख पेटले, की कोपऱ्यांतली जळमटं दिसू लागली. शेजारी आनंदले. आता घरात सगळं एकदम चालू शकत होतं. आम्ही मात्र काहीच लावत नसू.

तशाच एका दुपारी भाऊ रिकाम्या खाटेशी उभे होते. मला हळूच म्हणाले, “बघ बरं, अजून काही चालू राहिलंय का?”

मी खोल्याखोल्यांतून फिरून आले. सगळं बंदच होतं. इतके दिवस आम्ही एकेक बटण बंद करत होतो ते तिच्यासाठी, की आपल्या असहाय हातांना काही काम हवं म्हणून, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. भाऊ उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, “बघते,” आणि पुन्हा आतल्या खोलीत गेले.