पाणी सोसणारं लाकूड

फोन युसूफभाईंच्या मुलीचा होता. "चाचा, अब्बू नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. डोक्याला मार लागून चार दिवस ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. आज सहा आठवडे झाले. लिहायला हात धजत नव्हता... कारण त्यांना मारलं तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो.

युसूफभाई पारोळ्याचे, जातिवंत सुतार. आमच्या वखारीतली भट्टी त्यांच्या हाती होती, मी करवतीवर. मऊ पाइनच्या फळ्या ते बंद भट्टीत, हवा न शिरू देता, वाफेवर दोनशे अंशांपर्यंत तापवत. पिवळट फळी कॉफीच्या रंगाची होऊन बाहेर यायची. मग ती पाण्याने फुगत नसे, वाकत नसे, बुरशीही सहसा धरत नसे. गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण युसूफभाई तेवढ्यावर थांबत नसत. "हाई लाकूड पानी सोसस, पन धक्का सोसत नही," हे ते प्रत्येकाला ऐकवत.

एका ठेकेदाराला मंगल कार्यालयाच्या गॅलरीसाठी त्याच फळ्या हव्या होत्या. "भिंतीले लावा," युसूफभाई म्हणाले, "पन गॅलरीवर मानसं उभी ऱ्हातीन. तेन्हासाठे मी देनार नही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो तीन माणसं आणि पिकअप घेऊन आला. मालक गावाला गेले होते. माणसं फळ्या चढवू लागली, तसे युसूफभाई गाडीपुढे आडवे झाले. एकाने तापवलेलीच फळी उचलून त्यांच्या पाठीत घातली. फाटकन तिचे दोन तुकडे झाले. युसूफभाई कळवळत वळले आणि ठेकेदाराला म्हणाले, "देखं? मी काय सांगत व्हतू?"

तेव्हा दुसऱ्याने ढिगातला कच्च्या पाइनचा वासा उपसला. तो तुटला नाही. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानशिलावर. भुशावर रक्त पसरत गेलं... आणि माझा हात करवतीवरच होता. तिसऱ्या घावानंतर मी पहार घेऊन धावलो. गाडी सोडून ते पळाले. तिसऱ्या घावानंतर. हे मला आयुष्यभर सांगावं लागणार आहे.

दवाखान्यात त्यांनी एकदाच डोळे उघडले. "फळ्या ग्यात का?"

"नाही भाऊ. वखारीतच आहेत."

त्यांनी डोळे मिटले. मालक मला म्हणाले, अचानक झटापट झाली असं सांग. मी पोलिसांना जे पाहिलं ते सगळं सांगितलं. माझी करवत चालू होती, हेसुद्धा. चौघंही आत आहेत. गॅलरीला लोखंड बसलं.

मागच्या आठवड्यात पारोळ्याला गेलो. पावसाने गल्लीतली सगळी दारं फुगून अडकत होती. युसूफभाईंच्या घराचं दार तेवढं बोटानं लागत होतं. त्यांनी स्वतः भट्टीत तापवून केलेलं. आम्ही बोलत असताना वाऱ्याचा झोत आला आणि दार सुटलं. भाभी हातातला कप टाकून धावल्या, दोन्ही हातांनी ते अडवलं.

"आपटू द्यायचं नाही, भाऊ... फुटेल," त्या म्हणाल्या, आणि दार तसंच धरून उभ्या राहिल्या.