हायवेवरची टायरवाली अक्का

"कुंद्री, बसा."

गिऱ्हाईक कुणीही असो, अक्काचं पहिलं बोलणं हेच. एकदा कानडीत, एकदा मराठीत. जळकोटच्या अलीकडं हायवेच्या कडेला तिचं टायरचं दुकान होतं. तिथं दोन्हीकडची माणसं थांबायची, म्हणून एकच गोष्ट ती दोन्ही भाषांत सांगून मोकळी व्हायची. हात कायम काळे असल्यामुळं प्लास्टिकची खुर्ची ती पायानंच पुढं सरकवायची. माणूस बसल्याशिवाय गाडीला हात लावायची नाही. कुणी घाईत उभाच राहिला, तर तीही कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची. "तुम्ही उभं राहून चाक लवकर निघत न्हाय," एवढंच म्हणायची.

सोलापूरहून उमरग्याकडं तुम्ही कधी गेला असाल, तर तुमच्याही नजरेला ती पडली असेल. लुगडं, त्यावर बाह्या दुमडलेला खाकी शर्ट, कपाळावर विभूती. कंप्रेसर बंद पडला की ती त्याला कानडीत शिव्या द्यायची आणि चालू झाला की मराठीत कौतुक करायची. शर्ट तिच्या मालकांचा. ते पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होते. पाठीचं दुखणं लागलं तसं त्यांनी शेजारीच चहाची टपरी टाकली. नवखा माणूस गाडी थांबवून आधी त्यांच्याकडंच जायचा. ते हातातली किटली न सोडता हनुवटीनं बायकोकडं खूण करायचे.

विनय वगैरे तिच्याजवळ नव्हता. या रोडला आपल्यासारखं टायर बसवणारं दुसरं कुणी न्हाय, हे ती आल्यागेल्याला सांगायची. एकदा माझ्यासमोरच तुळजापूरला निघालेली एक जीप थांबली. ड्रायव्हरनं इकडंतिकडं बघून विचारलं, मिस्त्री कुठं गेलाय? अक्का म्हणाली, जेवायला गेलाय, तोवर मी चाक करून ठेवते. चाक झालं. ड्रायव्हरचं मन काही भरेना. मिस्त्री आला की त्याला एकदा बघू दे, मग जातो म्हणाला. अक्कानं शर्टाच्या बाह्या सरळ केल्या, बटण लावलं, चाकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आला मिस्त्री. बघितलं. बरोबर हाय." जीपमधल्या बायका तुळजापूर येईपर्यंत हसत गेल्या असतील.

माझी तिची ओळख झाली ती माझ्या मुलीमुळं. मी आमच्या गावच्या शाळेत शिपाई. गाव जळकोटपासून थोडं आत. माझी सुवर्णा लहान असताना तापात तिचा उजवा पाय अधू झाला. कुबडी घेऊन चालते. तशीच पदवीपर्यंत शिकली आणि नळदुर्गच्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम तिला मिळालं. पण रोज जायचं कसं? एसटीची पायरी उंच, त्यात सकाळची गर्दी. म्हणून एक जुनी स्कूटर घेतली, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारकं जादा चाक लावलेली. गाडी चांगली होती, पण त्या बारक्या चाकांच्या रिंगा गंजून गेलेल्या. सोलापूरला जाऊन मी नव्या रिंगा आणल्या, दुसऱ्या दुकानातून नवे टायर आणले. आता रिंगवर टायर चढवायचा, त्याला काय वेळ लागणार, असं मला वाटलं.

तिथंच सगळं अडलं. सोलापुरात एक जण म्हणाला, आमच्या मशीनवर एवढी बारकी रिंग धरत नाही. दुसरा म्हणाला, टायर आमच्याकडून घेतला असता तर बसवून दिला असता, बाहेरच्या मालाला आम्ही हात लावत नाही. तिसऱ्यानं मजुरी अशी सांगितली की तेवढ्यात आणखी एक टायर आला असता. नळदुर्गला विचारलं, तर हातानं बसवायचं काम आता कोण करत बसतंय, ठेवून जा, सवडीनं बघू, असं उत्तर आलं. मी पोत्यात रिंगा आणि टायर घालून मोटारसायकलवर फिरत होतो, कधी सुवर्णाही मागं बसून यायची. तिकडं दवाखान्यातून निरोप आला की सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या मुलीला घेतो. सुवर्णा संध्याकाळी नुसती स्कूटर पुसत बसली.

अक्काचा मी विचारच केला नव्हता. तिच्या दारात कायम ट्रकची मोठी चाकं दिसायची. शेवटी आमच्याकडून दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, एकदा तिला दाखवून तर बघा. जुन्या चाकांत हवा भरली की थोडा वेळ टिकायची. तेवढ्या हवेवर सुवर्णानं गाडी चालवली आणि पोतं घेऊन मी तिच्या मागं.

अक्कानं खुर्ची सरकवली. मी बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सोलापूर, नळदुर्ग, सोमवार. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्यावरून सरळ स्कूटरकडं गेली. सुवर्णा अजून गाडीवरच होती.

"गाडी कुणाची?"

"मुलीचीच हाय. तिला नळदुर्गला..." मी म्हणालो.

"तिला विचारते, अण्णा."

सुवर्णानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "माझी."

"मग तू उतर. तुझ्या गाडीचं चाक तू बघितल्याबिगर मी खोलत न्हाय."

एवढ्या दुकानांत कुणी तिला हे विचारलं नव्हतं. ज्या ज्या दुकानी ती माझ्यासोबत होती, तिथं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून माझ्याशीच झालं होतं. ती कुबडी घेऊन खाली उतरली. अक्कानं दोन जुने टायर एकावर एक ठेवून तिला बसायला जागा केली.

नवे टायर कडक होते. ते तिनं आधी पत्र्यावर उन्हात टाकले आणि तोवर जुन्या चाकांचे नट खोलले. मग टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, गुडघ्याखाली रिंग दाबली आणि टामीच्या लोखंडी दांड्यानं टायर थोडं थोडं आत ढकलायला लागली. रिंग बारकी, धरायला जागा नाही. अर्ध्यावर टामी निसटली आणि आतली ट्यूब चिमटली. कानडीत बरंच काही झालं. मग तिनं ट्यूब ओढून काढली, बाजूला टाकली आणि दुकानातली दुसरी आणली. मी पैशाचं विचारलं, तर म्हणाली, माझ्या हातनं गेली, मीच भरणार.

पहिलं चाक झालं. दुसऱ्याला तिनं टामी सुवर्णाच्या हातात दिली. मी खुर्चीतून उठलो.

"अण्णा, बसा."

मी बसलो. अक्कानं रिंग पायानं दाबून धरली आणि कुठं लावायचं, कुठं दाबायचं ते सांगत राहिली. सुवर्णाच्या पायात जोर कमी, पण कुबडीमुळं हातात भरपूर. तिनं ओठ दाबून अंगाचा भार टामीवर टाकला आणि टायर एकदम फटकन रिंगेत बसला. दोघी हसायला लागल्या. टपरीतून मालकांनी विचारलं, काय झालं? दोघी आणखीच हसल्या.

मग नट कसे आवळायचे, चाक डुगडुगतंय का ते कसं बघायचं, सगळं तिनं सुवर्णाकडून करून घेतलं. मी म्हणालो, एवढं कशाला, मी आहे की घरी. अक्का सुवर्णाकडंच बघत म्हणाली, "रस्त्यात नट ढिला झाला तर कुणाची वाट बघशील? मी तर यायची न्हाय. मला इथं लई काम असतंय."

मजुरी विचारली, तर तिनं एका पंक्चरचे घेतात तेवढे मागितले. मी म्हणालो, चाकं दोन होती. "दुसरं तिनं बसवलं. त्याचं म्या कसं घेऊ?" ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सोमवारी सुवर्णा दवाखान्यात हजर झाली. जाता-येता अक्काचं दुकान वाटेवरच. येताना ती तिथं थांबायची, मालकांचा चहा घ्यायची. एकदा संध्याकाळी घरी आली ती काळ्या हातांनी. ओढणीला ग्रीस कसं लागलं, म्हणून तिच्या आईनं विचारलं तेव्हा कळलं. रस्त्यात चाक हलायला लागलं होतं. मोटारसायकलवरचे दोघं मदतीला थांबले. करते माझं मी, असं सांगून हिनं त्यांना लावून दिलं आणि खाली बसून नट आवळला. सांगताना ती अगदी साधं सांगत होती, पण हात धुवायला मात्र बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कानं पाना लावून तो नट तपासला, आणखी थोडा फिरवला आणि म्हणाली, जोर कमी पडला, पण चालंल. हे सुवर्णाला. गिऱ्हाइकांना मात्र तिनं वेगळंच सांगितलं. पुढं कितीतरी दिवस मला अनोळखी माणसं त्या टपरीवर सांगायची, अक्कानं एक पोरगी तयार केलीय म्हणे, नळदुर्गच्या दवाखान्यात असते, ट्रकचं चाकसुद्धा खोलती.

मला तिचे आभार मानायचे होते. घरची तूर डाळ पिशवीत घालून घेऊन गेलो. वाटेत दोन वाक्यं मनात जुळवली होती. तिनं पिशवी हातात तोलून बघितली आणि विचारलं, खडे न्हायत ना? माझी दोन्ही वाक्यं तिथंच राहिली.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं आणि कडेची दुकानं उठली. अक्काच्या भावानं कर्नाटकात त्यांच्या गावाजवळ रस्त्याकडेला जागा दिली होती. ज्या दिवशी ते निघाले, त्या दिवशी सुवर्णानं दवाखान्यातून सुट्टी घेतली. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो भरत होता. कंप्रेसर नीट चढवला नाही म्हणून अक्का हमालांना दोन्ही भाषांत बोलत होती. मालक टपरीचा स्टोव्ह पोत्यात बांधत होते. आम्हाला बघून त्यांनी तो परत सोडला आणि चहा ठेवला.

सुवर्णा अक्काजवळ गेली. म्हणाली, "अक्का, तुमच्यामुळं मी..."

"तुमच्यामुळं बिमुळं काय न्हाय. ती दोरी धर."

सुवर्णानं कुबडी टेम्पोला टेकवली आणि दोन्ही हातांनी दोरी ओढून धरली. अक्कानं तिच्या हातावर हात ठेवून गाठ मारली. गाठ बसली तरी तिनं हात लगेच काढला नाही. मग म्हणाली, हवा दर आठवड्याला बघत जा.

मालक पुढं ड्रायव्हरजवळ बसले. कंप्रेसर हलू नये म्हणून अक्का मागं सामानातच बसली, आमच्याकडं तोंड करून. टेम्पो रस्त्याला लागला. थोडं पुढं गेल्यावर तिनं हात वर करून हलवला. आम्हीही दोघांनी हात हलवले. तेवढ्यात आमच्या बाजूनं एक ट्रक पुढं गेला आणि टेम्पोला ओलांडून निघाला. मग कळलं, ती त्याला साइड देत होती. सुवर्णाला हसू आलं, मलाही आलं.

ट्रक दिसेनासा झाला. रस्ता मोकळा होता, टेम्पोच्या मागं एकही गाडी नव्हती. तिचा हात पुन्हा वर झाला.