कपाटातले दाखले

ती केस आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

जिल्हा विभागल्यानंतरची गोष्ट. मी फौजदार म्हणून साकोली पोलीस ठाण्यात नवीनच बदलून आलो होतो. करडीकडची एक मुलगी ठाण्यात आली. मानसशास्त्रात बी.ए. झालेली. तिला न्यायवैद्यक मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. साकोलीतल्या एका एजंटाने घरबसल्या पदवी देतो म्हणून तिचे मूळ दाखले ठेवून घेतले होते.

"कागद विद्यापीठात पाठवले म्हणते तो सर. मी तिथं फोन लावला, तं घरबसल्या असा कोर्सच नाही म्हणाले. मंग मी स्वतःच अर्ज केला. नंबर लागला. पण सोमवारी मूळ टीसी, मार्कशीट दाखवा लागते. नाही तं सीट गेली."

मी साध्या कपड्यांत, भाचीच्या पदवीसाठी आलेला मामा बनून एजंटाकडे गेलो.

"काकाजी, डिग्री हातात आली का पोरगी डायरेक्ट फौजदार!"

मी शिपायाचा फौजदार झालो त्यात माझी अर्धी नोकरी गेली होती. राग गिळला. लहानपणी आठवडी बाजारात भाजी विकली आहे; विकणाऱ्याचं दुखणं मला कळतं. म्हटलं, "इथं तं कुत्रंही फिरकून नाही राहिलं. पडेल माल कोण घेते?"

त्याला ते झोंबलं. ताडकन उठून त्याने कपाट उघडलं. "हे पाहा! सीटा भरून राहिल्या, अन् तुम्ही पडेल म्हणता!"

आत मूळ दाखल्यांचा गठ्ठा होता. मी ओळखपत्र काढलं आणि पंच बोलावले.

ठाण्यात तो म्हणाला, "पोरायनंच सांभाळाले देल्ले साहेब."

"मंग विद्यापीठात पाठवले, असं काहून सांगतलं?"

त्यावर त्याने कबूल केलं: पूर्ण फी वसूल होईपर्यंत दाखले अडवून ठेवायचे, हाच त्याचा धंदा.

दाखले सापडल्याचं कळताच मुलगी धावत आली. ठाणेदार म्हणाले, "आता तो मुद्देमाल आहे. दोषारोपपत्र जाऊ द्या, मग कोर्टातून सोडवून घ्या."

ती माझ्याकडे वळली. "त्याच्या कपाटातून तुम्ही काढले सर. तुमच्या कपाटातून कोण काढंल?"

माझा तोल गेला. "एजंटानं अडवले तर गुन्हा, आणि आपण अडवले तर कायदा?" मी साहेबांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "आवाज खाली." मी आवाज खाली केला नाही. दाखल्यांच्या साक्षांकित प्रती तयार केल्या, मुलीचा अर्ज घेतला आणि त्याच दिवशी न्यायालयात उभा राहिलो. न्यायाधीशांनी प्रती नोंदीवर ठेवून मूळ दाखले सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितले तर परत हजर करण्याच्या हमीवर, तिला देण्याचा आदेश दिला. सोमवारी तिचा प्रवेश झाला.

शाबासकी ठाणेदारांना मिळाली. वरिष्ठांना डावलल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस! ती बोच अजून गेलेली नाही.

पण मी एक शिकलो. आरोपी सापडला की आपल्याला तपास संपल्यासारखा वाटतो. फिर्यादीचं अडलेलं काम तिथेच अडलेलं असतं. पुढे जिथे जिथे कुणाचे दाखले जप्त केले, तिथे पंचनाम्याची शाई वाळायच्या आत ते परत मिळण्याचा अर्जही मीच लिहून घेतला. साहेब लोक चिडत. मी चिडू देत असे.